श्रीलंकेत बिबट्यामागे धावण्यापेक्षा सिंहराजात थांबा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ताडोबा तीनदा झालंय, कान्हा झालंय, पावसाळ्यात आंबोलीला दरवर्षी जाणं होतं. आता दिवाळीच्या सुट्टीत बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आठ दिवस श्रीलंकेला जायचा बेत आहे. कार्यक्रमात याल, उडवलवे, मिन्नेरिया, हॉर्टन प्लेन्स ही उद्यानं, मिरिसाच्या समुद्रातले देवमासे आणि वाटेत एक दुपार सिंहराजचं सदाहरित रान. पण बिबट्या, हत्ती, चितळ, सांबर, मोर, अस्वल हे सगळं आपल्याकडेही आहे. मग एवढा खर्च करून तिथे वेगळं काय दिसणार?

जरूर जा. पण दिवाळीत नको, आणि हा कार्यक्रम आहे तसा तर मुळीच नको.

मी सिंधुदुर्गात राहतो. पावसाळ्यात रात्री लोकांना बेडूक दाखवतो आणि गेली चौदा वर्षं हिवाळ्यात पाच-सहा जणांचा गट घेऊन श्रीलंकेला जातो. माझी पहिली वारी अशाच कार्यक्रमाने झाली होती. एका पर्यटन संस्थेने सात दिवसांत पाच उद्यानं बसवली होती. रोज चार-पाच तास गाडीत, आणि सिंहराजात आम्ही पोचलो ते दुपारी दीड वाजता. पावसाची सर, पायाला जळवा, चिडीचूप रान. दोन तासांत एक खार आणि दोन पक्षी. सगळे म्हणाले, इथे काही नाही. मला मात्र ते रान ओळखीचं वाटत होतं, आणि तरीही त्यातलं एक पान, एक आवाज आपल्याशी नेमका जुळत नव्हता. पुढच्या वर्षी मी एकटा गेलो आणि सलग सहा दिवस तिथेच राहिलो.

मोठ्या प्राण्यांपुरती तुमची शंका बरोबर आहे. यालमध्ये जे दिसतं ते ताडोबाच्या माणसाला नवं नाही. फरक एवढाच की तिथे वाघ नाही, रानकुत्री नाहीत, लांडगा नाही, तरसही नाही. त्यामुळे बिबट्या हाच रानाचा धनी. आपल्याकडचा बिबट्या कायम कोणाला तरी चुकवत असतो, तिथला भर सकाळी उघड्या खडकावर पाय सोडून पडलेला असतो. हे बघण्यासारखं आहे यात वाद नाही. पण यालच्या ज्या एका भागात सगळे पर्यटक जातात तिथे बिबट्याची खबर लागली की पंधरा-वीस जीप एका वळणावर अडकतात, आणि अर्धा तास तुम्ही दुसऱ्याच्या धुराकडे बघत बसता. बिबट्याच हवा असेल तर वायव्येकडचं विल्पत्तू बरं. तिथे रानात नैसर्गिक तळी आहेत, त्यांना विल्लू म्हणतात. गर्दी कमी आणि सावकाश फिरता येतं. यालला जायचंच झालं तर जून-जुलैत जा. तेव्हा पळूची झाडं पिकतात. पळू म्हणजे आपली खिरणी, काही भागांत तिला रांजण म्हणतात. ती पिवळी गोड फळं खायला अस्वलं दिवसाउजेडी झाडावर चढतात.

आता जे आपल्याकडे नाही त्याकडे येतो.

श्रीलंका ६५,६१० चौरस किलोमीटरची, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडी मोठी. जैवविविधतेच्या जागतिक नकाशावर सह्याद्री आणि श्रीलंका यांचा मिळून एकच संवेदनशील पट्टा धरला जातो. मधला समुद्र उथळ आहे. हिमयुगांत समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली गेली होती, तेव्हा भारत आणि लंका सलग जमीन होती, आणि असं एकदा नाही, अनेकदा झालं. हत्ती, चितळ, बिबट्या, अस्वल चालत गेले. म्हणून ते तुम्हाला ओळखीचे वाटतात. पण तो जमिनीचा पट्टा कोरडा होता, काटेरी झुडपांचा. सदाहरित जंगलातल्या ओल्या पाचोळ्यात जगणारा बेडूक, ओढ्यातला खेकडा, मातीत बीळ करणारा साप यांना तो ओलांडणं फार कठीण. ते आपापल्या बाजूला राहिले आणि लाखो वर्षं वेगवेगळे घडत गेले. २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात संशोधकांनी जनुकांच्या आधारे हेच दाखवलं. जमीन जोडलेली असूनही लंकेच्या ओल्या पट्ट्यातले बेडूक, देवगांडूळ (गांडुळासारखे दिसणारे, बेडकांचे बिनपायाचे भाऊबंद), खेकडे, गोड्या पाण्यातले मासे हे सह्याद्रीतल्या भाऊबंदांपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र वाढलेले आहेत.

म्हणजे तिथला खजिना बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ओल्या पट्ट्यात आहे, आणि तो बहुतेक छोट्या जिवांचा आहे. तुमच्या कार्यक्रमात त्याला एक दुपार दिली आहे.

तुम्ही दर पावसाळ्यात आंबोलीला जाता म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पावसाळ्यात रात्री तिथे कारवीच्या पानावर बसून ओरडणारा, अंगठ्याच्या पेराएवढा झुडपी बेडूक तुम्ही नक्की ऐकला असेल. त्यातल्या एका जातीला २००९ मध्ये आंबोलीचंच नाव मिळालं, सुडोफिलाउटस आंबोली. हे कूळ घडलं ते लंकेत. त्यातल्या जवळजवळ सगळ्या जाती श्रीलंकेत राहतात, सह्याद्रीत मोजून दोन-चार. जनुकांवरून दिसतं ते असं की आपल्याकडून या बेडकांचे पूर्वज तिकडे गेले, तिथे त्यांच्या डझनावारी जाती झाल्या, आणि मग त्यातली एक शाखा परत इकडे आली. आंबोलीचा बेडूक त्या परतलेल्या शाखेतला. मी पहिल्यांदा हे वाचलं त्या रात्री आंबोलीतच होतो. बाहेर पाऊस कोसळत होता आणि तो ओरडत होता. तेव्हापासून त्याचा आवाज मला पूर्वीसारखा ऐकू येत नाही.

श्रीलंकेत बेडकांच्या १२० च्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या शंभराहून अधिक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. झुडपी बेडकांची खासियत म्हणजे यांचं पिल्लू शेपटीवाल्या अवस्थेत पाण्यात पोहत नाही. बहुतेक जातींत मादी ओल्या मातीत खळगा करते, थोडीशी अंडी घालते, ती मातीत मिसळून वर माती ओढते. काही मोजक्या जाती पानाच्या खालच्या बाजूला अंडी चिकटवतात. अंड्यातून थेट तांदळाच्या दाण्याएवढा पुरता बेडूक बाहेर येतो. डबकं लागत नाही, ओढा लागत नाही. लागते ती फक्त वर्षभर न सुकणारी जमीन. आणि तिथेच घात होतो. वरची झाडी विरळ झाली, ऊन मातीपर्यंत पोचलं की अंडी जागच्या जागी वाळतात. एकोणिसाव्या शतकात डोंगर आधी कॉफीसाठी आणि कॉफीवर तांबेरा पडल्यावर चहासाठी साफ झाले. त्या काळात संग्रहालयांसाठी बाटल्यांत भरलेल्या कितीतरी बेडकांच्या जाती पुन्हा कोणाला सापडल्याच नाहीत. जगात नामशेष म्हणून नोंदलेले बेडूक इतर कुठल्याही देशापेक्षा श्रीलंकेतले जास्त आहेत. एखादी जात मात्र परत भेटते. चांदण्यांसारखे ठिपके असलेला एक झुडपी बेडूक १८५३ मध्ये नोंदला गेला होता. तो थेट २००९ मध्ये श्रीपाद शिखराच्या रानात पुन्हा दिसला.

सिंहराजातल्या एका सकाळबद्दल जरा सविस्तर लिहितो, म्हणजे मी थांबा का म्हणतो ते कळेल.

कुडव गावाच्या बाजूने आत जायचं. वनखात्याचा स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावाच लागतो, आणि ते फार चांगलं आहे, कारण त्याचे कान तुमच्या दुर्बिणीपेक्षा मोलाचे. सकाळी साडेसहाला आपण वाटेवर असतो. डोक्यावर तीस-पस्तीस मीटर उंच झाडं, त्यांची छपरं एकमेकांत गुंतलेली, खाली हिरवट अंधार. अर्धा-पाऊण तास काहीच होत नाही. पहिल्यांदा येणारे इथे चुळबुळ करतात. मग लांबून कलकल येते, आपल्या सातभाईंसारखी, पण जास्त बारीक आणि न थांबणारी. हे नारिंगी चोचीचे सातभाई. वाटाड्या हात वर करतो आणि सगळ्यांना जागीच उभं करतो. दोन मिनिटांत झाडी हलायला लागते. आधी वीस-पंचवीस सातभाई पानं चाचपत येतात. त्यांच्यावर टेहळणी करत कोतवाल, आपल्या भृंगराजाचा लंकेतला भाऊ, डोक्यावर तुरा. खाली जमिनीवर राखी डोक्याचे कस्तुर पाचोळा उलटवतात. मधल्या फांदीवर कर्णा येऊन बसतो, लालभडक छातीचा, आणि दगडासारखा स्थिर राहतो. मग अचानक सूर मारून किडा घेऊन परत. वर छपरात लाल चेहऱ्याचा मालकोहा, एवढा मोठा पक्षी, पण आवाज नाही, फक्त पान हललेलं दिसतं. निळी मॅगपाय आली तर विचारू नका. निळं अंग, तपकिरी डोकं, लाल चोच, हे रंग एका पक्ष्यावर खरे वाटत नाहीत. आणि या सगळ्यांबरोबर दंडुलेना, म्हणजे तिथलं शेकरू, वरून फांद्या मोडत जातं.

पंधरा-वीस मिनिटांत थवा डोक्यावरून निघून जातो आणि रान पुन्हा गप्प. त्या दीड वाजताच्या वारीत आम्ही याच गप्प वेळात फिरलो होतो.

या मिश्र थव्यांचा अभ्यास सिंहराजात १९८१ पासून चालला आहे. प्रा. सरत कोटगम यांनी तो उभा केला. जगात इतका दीर्घकाळ पाहिलेले असे थवे फारच थोडे. एका थव्यात सरासरी ४० च्या वर पक्षी आणि अकरा-बारा जाती असतात. सातभाई संख्येने थवा बांधून ठेवतात, कोतवाल पहारा देतो. कोटगम आणि इबन गुडेल यांच्या निरीक्षणात आणखी एक गोष्ट आली. कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो हे आपल्यालाही ठाऊक आहे, पण संकट दिसलं की तो नेमके इतर जातींचे धोक्याचे आवाज काढतो. तिथे उभं राहून हे ऐकताना अंगावर काटा येतो. म्हणून विनंती, पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका आणि कोणी वाजवत असेल तर थांबवा. जिथे प्रत्येक आवाजावर कोणाचा तरी जीव अवलंबून आहे तिथे खोटा आवाज मिसळणं बरं नाही.

तुम्हाला सह्याद्रीची सवय आहे हा तिथे मोठा फायदा आहे. आपला रानकोंबडा राखी, तिथला तांबूस-केशरी, आणि त्याच्या लाल तुऱ्याच्या मधोमध पिवळा डाग असतो. आपलं शेकरू तांबडं, सिंहराजातलं काळं-पिवळसर. हिरवा चापडा साप फांदीवर तसाच वेटोळं करून बसतो, पण जात वेगळी. त्याला तिथे पलापोळंगा म्हणतात. फोटोसाठी फांदी हलवायची नाही, एवढं तुम्हाला सांगायला नको. बेडूकतोंड्या पक्षी मात्र दोन्हीकडे तोच. गोव्याच्या रानात जो दिवसा वाळक्या पानांसारखा बसलेला असतो त्याचं नावच श्रीलंकेवरून पडलं आहे. भाषेतही हेच जाणवतं. सिंहली ही मराठीसारखीच संस्कृत-प्राकृताच्या कुळातली. वानर तिथे वंदुरा, मोर मोनरा, कोंबडा कुकुळा. मुलीला वही घेऊन जायला सांगा, वाटाड्याकडून असे शब्द गोळा करायला मजा येते.

पक्ष्यांबद्दल एकच गोष्ट आणखी. दीपाल वारकागोड नावाचे तिथले पक्षीतज्ज्ञ पक्ष्यांच्या आवाजांचे जाणकार. १९९५ मध्ये कितुलगलच्या रानात त्यांनी रात्री एक आखूड, मऊ स्वर ऐकला. यादीतल्या कुठल्याच घुबडाशी तो जुळेना. सहा वर्षं ते त्या एका स्वरामागे होते. जानेवारी २००१ मध्ये सिंहराजात ते छोटं तांबूस घुबड त्यांना प्रत्यक्ष दिसलं, आणि २००४ मध्ये नवी जात म्हणून त्याची नोंद झाली. त्याआधी शंभराहून अधिक वर्षांत त्या बेटावर नवा पक्षी सापडला नव्हता. आता वाटाडे ते दिवसा जमिनीपासून हातभर उंचीवर, नेच्यांच्या गचपणात झोपलेलं दाखवतात. मी एकदाच पाहिलं, चार पावलांवरून. डोळे मिटलेले, पिसांवर पावसाचे तीन-चार थेंब. आम्ही सहा जण मिनिटभर उभे राहिलो आणि उलट पावली निघालो.

हे रान आज उभं आहे तेही सहजासहजी नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्लायवुडसाठी इथे यंत्रांनी झाडं तोडायला सुरुवात झाली होती. लोक, शिक्षक, शास्त्रज्ञ यांनी आवाज उठवला आणि त्या दशकाच्या अखेरीस तोड थांबली. १९८८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली. तुम्ही ज्या रुंद वाटेने चालाल ती त्या लाकडाच्या ट्रकांचीच जुनी वाट. इथल्या झाडांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जाती फक्त श्रीलंकेतल्या आहेत. या रानात ओळखीचा नागचाफाही भेटेल, तिकडे त्याला नुसतं ना म्हणतात, आणि तो त्यांचा राष्ट्रीय वृक्ष आहे.

हत्तींबद्दल. मिन्नेरियाचा मेळा जगप्रसिद्ध आहे. तिसऱ्या शतकात महासेन राजाने बांधलेला हा तलाव जुलै ते सप्टेंबरात आटत जातो, तळात कोवळं गवत येतं आणि शेकडो हत्ती तिथे उतरतात. तुम्ही दिवाळीत गेलात तर मेळा संपलेला असेल. शिवाय गेल्या काही वर्षांत वरच्या मोरगहकंद धरणाचं पाणी उन्हाळ्यातही तलावात येतं, गवत पाण्याखाली राहतं आणि हत्ती शेजारच्या कौडुल्लाकडे किंवा शेतांकडे वळतात. २०११ च्या मोजणीत देशात ५,८७९ हत्ती होते. आता दरवर्षी तीनशे-चारशेहून अधिक मरतात, गोळीने, विजेच्या तारेने, रेल्वेखाली, आणि भाजीत लपवलेल्या स्फोटकाने जबडा फुटून. फेब्रुवारी २०२५ मध्ये हबरणजवळ एका कळपाला रेल्वेने उडवलं, सहा हत्ती गेले. आपल्या दोडामार्गात हत्ती केळीच्या बागेत शिरल्यावर काय होतं ते मी जवळून पाहिलंय. रात्रभर जागलेला शेतकरीही मला दिसतो आणि हत्तीही. त्यामुळे तिथे कोणाला दोष देत फिरावंसं वाटत नाही, पण हत्तीच्या पाठीवर बसायचं नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. उडवलवेला वर्षभर हत्ती दिसतात, एक सकाळ पुरे. नरांकडे नीट बघा. दहांत एखाद्यालाच सुळे असतात, आपल्याकडच्यासारखे नाहीत.

मिरिसा ठेवा. दोंड्राच्या टोकाजवळ समुद्राचा तळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल जातो, म्हणून निळा देवमासा तिथे किनाऱ्याजवळ येतो. हंगाम डिसेंबर ते एप्रिल. आशा द व्होस या तिथल्याच शास्त्रज्ञ. त्यांनी दाखवलं की हे देवमासे इतरांसारखे ध्रुवाकडे न जाता वर्षभर उष्ण पाण्यातच राहतात. सकाळची पहिली नाव घ्या, आणि देवमाशाच्या अंगावर न जाणारा नावाडी शोधा. असे आहेत, विचारलं तर हॉटेलवाले सांगतात.

आता वेळेचं बघू. लंकेला पाऊस दोन्हीकडून येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य बाजूला, डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तर-पूर्वेला, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळीकडे. नेमकी आपली दिवाळी त्यात सापडते. मेळा संपलेला, देवमासे अजून लांब, सिंहराजात रोज दुपारी धो धो. जानेवारी ते मार्च सर्वांत उत्तम. मुलीच्या शाळेमुळे जमत नसेल तर नाताळची सुट्टी चालेल. पहिल्या दोन रात्री कितुलगल, मग रत्नपुरावरून कुडवला येऊन सिंहराजात तीन रात्री, एक उडवलवे, दोन मिरिसा, आणि तिथून कोलंबो. याल, मिन्नेरिया, हॉर्टन प्लेन्स या वेळी सोडा. सिंहराजातल्या तीनही संध्याकाळी पाऊस पडून गेल्यावर विजेरी घेऊन निवासाच्या वाटेवरच शंभर पावलं चाला. बेडूक तिथेच असतात, गाभ्यात जायची गरज नाही.

जळवांची भीती मनातून काढा. गुडघ्यापर्यंतचे कापडी जळूमोजे घ्या, वरून साबणाची कोरडी वडी घासा. लागलीच तर ओढून काढू नका, मीठ किंवा लिंबू लावलं की सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, दुखत नाही. कॅमेऱ्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी आणि आठ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण, एवढं पुरे.

आणि एक काम मुलीला द्या. कोकणात पावसाच्या तोंडाशी येणारा नवरंग तिने पाहिला असेल, हिरवी पाठ, निळा खांदा, पोटाखाली शेंदूर. तो आपल्याकडे घरटं करतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे जातो. त्यातले कितीतरी लंकेत उतरतात, अगदी कोलंबोच्या बागांतसुद्धा. तमिळमध्ये त्याला सहाच्या ठोक्याचा पक्षी म्हणतात, कारण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास तो दोन सुरांची शिट्टी घालतो. कितुलगलला पहिल्या संध्याकाळी पावणेसहाला नदीकाठच्या झाडीशी जाऊन बसा आणि घड्याळ तिच्या हातात द्या.